वारा थांबला तेव्हा उघडलेलं दार

टेकडीवरच्या शाळेचं दार वाजलं, की किल्लीमावशी आतून एकच प्रश्न विचारते, "किती जण?"

उशिरा आलेली पोरं बाहेर खिदळत उभी असतात. "मावशी, मी एकटीच! आणि माझं दप्तर!" एखादी आगाऊ मुलगी ओरडते, "साडेतीन!" मावशी हसत नाही, रागावतही नाही. आकडा ऐकते, दार उघडते, आत शिरलेली डोकी मोजते आणि मगच बाजूला होते. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मावशी, ही शाळा आहे की किल्ला?"

"शाळाच आहे बाई," मावशी म्हणाली. "पण दार माझ्याकडे आहे ना."

एकतीस वर्षं झाली तिला या शाळेत. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, माठ भरायचे, फळे पुसायचे आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सांभाळायचा. शाळा दगडी, दुमजली, गावात सगळ्यात उंचावर. खाली बंदर, बंदराला लागून बाजार, आणि त्याच्याही खाली, समुद्राच्या अगदी तोंडाशी, होड्या दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती. वाऱ्यापावसाची भीती वाटली की गाव वर शाळेत येतं. म्हणजे एरवी शिपाईण असलेली बाई अशा दिवशी गावाची दारवान होते.

पूर्वी भूगोलाचे मास्तर दरवर्षी वादळाचा धडा घ्यायचे. मावशी व्हरांडा झाडता झाडता ऐकायची. "समुद्र आंघोळीच्या पाण्याइतका कोमट झाला, की त्याच्या अंगातून वाफ वर चढते," मास्तर सांगायचे. "वर गेलेल्या हवेची जागा भरायला चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते, म्हणून तो सरळ येत नाही, गरगरत येतो. कोमट पाणी हे त्याचं जेवण. जेवण मिळतंय तोवर तो फुगतो. जमिनीवर आला की उपाशी पडतो आणि मरतो." मग मास्तर खडू खाली ठेवायचे. "पण मरायच्या आधी हात दाखवून जातो."

फळ्यावर ते एक मोठा भोवरा काढायचे. रेघांवर रेघा, गोलात गोल, आणि मधोमध नाण्याएवढी कोरी जागा. तास संपला की मावशी ओल्या फडक्याने तो भोवरा पुसायची. नऊ वर्षं तिने तो पुसला. मधे ही जागा रिकामी का सोडता, असं मास्तरांना एकदाही विचारलं नाही. शिपाईण बाईने कशाला विचारायचं? विचारलं असतं तर... पण या 'असतं तर'ला तळ नाही. त्यात बादली सोडत राहावी आणि ती रिकामीच वर यावी.

तिचा नवरा गोदीत सुतार होता. होड्यांच्या फळ्या बसवायचा. अंगाला कायम भुसा. घरी आला की दारात उभा राहून आधी डावा पाय झाडायचा, मग उजवा, मग पुन्हा डावा. सगळे पानावर बसले तरी हा आपला उंबऱ्यातच. "तुमचे पाय झाडून होईतो भात निवतो," ती करवादायची. "अगं, निवलेला भात पोटात जातो. भुसा गेला तर पोटात होडी तयार होईल," तो म्हणायचा. कुठेही जायचं असो, शेवटी आत शिरणारा माणूस हाच.

बावीस वर्षांपूर्वीचं ते वादळ सकाळी आलं. मास्तर तेव्हा बहिणीच्या घरी दूरगावी गेले होते. शाळेत शंभरेक माणसं. वारा शाळेच्या पाठीमागून, डोंगराकडून येत होता. बाजारातले पत्रे पानांसारखे उडत समुद्राकडे चालले होते. मोठमोठी झाडं मुळांसकट उलथली आणि त्यांच्या खड्ड्यांत पाणी उकळल्यासारखं नाचू लागलं. वाऱ्याचा आवाज इतका, की शेजारचा बोलला तर फक्त ओठ हलताना दिसायचे. मावशीचा आठ वर्षांचा मुलगा तिच्या पदरात डोकं खुपसून बसला होता. ती देवाचं नाव घेत होती, पण तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

आणि दुपारी, कुणी दिवा मालवावा तसा वारा थांबला.

थांबला म्हणजे किती? पान हलेना. ढग फाटले आणि वर निळं आभाळ दिसलं, धुतल्यासारखं. ऊन पडलं. खिडकीतून पाहिलं तर मैदानात पक्षी बसलेले, शेकडो, समुद्रावरचे, कधी न पाहिलेले. उडत नव्हते, ओरडत नव्हते. खाली खाडीतलं पाणी पार मागे हटलं होतं, आणि होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या.

"देवा, वाचवलंस रे," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांचे डोळे मावशीच्या कमरेकडे वळले.

तिने दार उघडलं. कुणी जबरदस्ती केली नाही. तिलाच बाहेरचं ऊन हवं होतं. सात जण खाली गेले. कुणाला दुकान बघायचं होतं, कुणाची म्हातारी घरीच राहिली होती. नवऱ्याने हातोडी कमरेला खोचली. "होड्यांचे दोर बांधून येतो. अर्धा तास."

"भिजलेल्या पायांनी आत येऊ नका," ती म्हणाली. हे तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

पाऊण तासाने वारा आला. या वेळी समोरून, समुद्राकडून, आणि मागे हटलेला समुद्र सगळाच्या सगळा बरोबर घेऊन. शाळेचं दार समुद्राच्या बाजूला आणि ते बाहेर उघडायचं. वाऱ्याने ते चौकटीत असं दाबून धरलं, की आतून सहा जणांनी खांदे लावले तरी केसभर हललं नाही. तेवढ्यात बाहेरून ते वाजू लागलं. मुठींचा आवाज होता, आणि मुठींच्या मधे लाकडावर लाकूड. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. हातोडीच्या दांड्याचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

किती वेळ वाजत होतं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मग वाजायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी एक होडी दवाखान्याच्या छपरावर होती. सगळ्या झाडांची पानं खाऱ्या पाण्याने भाजून काळी पडली होती. सातांपैकी चौघांचे देह सापडले. उरलेल्या तिघांत तिचा नवरा.

तिला कुणी बोल लावला नाही. 'नशीब', 'देवाची इच्छा' असं म्हणून लोक पाठीवरून हात फिरवत. एखादी तरी बाई तोंडावर म्हणाली असती, "तूच उघडलंस ना दार?" तर तिला बरं वाटलं असतं. मास्तर परत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "मी दरवर्षी काढायचो," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा त्यांनी मधल्या कोऱ्या जागेवर खडू टेकवला आणि वर्गाला नाही, दाराशी उभ्या असलेल्या तिला सांगितलं, "हा वादळाचा डोळा. इथे सगळं शांत असतं. पण वादळ संपलेलं नसतं, अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं उलट्या बाजूने येतं."

तिने एकच हट्ट धरला. साहेबांच्या कचेरीत सात खेपा घालून शाळेचं दार आतल्या बाजूला उघडेल असं बसवून घेतलं आणि मागे आडवा टाकायचा जाड लाकडी आडणा लावून घेतला. वारा आता ते कुणाच्या तोंडावर दाबून धरणार नव्हता.

पण आवाज गेला नाही. वारा जरा चढला की दार वाजायचं. तीन, आणि तीन. मुलगा मोठा झाला, बसवर चालक झाला, घरात सून आली. मावशी जेवताना हात थांबवून ऐकत राहायची. "काय झालं आई?" सून विचारायची. "काही नाही. वारा." रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती काही मागायची नाही. सात वेळा हात जोडायची आणि उठायची.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. आणि यंदाच रेडिओने पुन्हा सांगितलं, मोठं आहे, सरळ इकडेच येतंय.

सकाळपासून मुलगा बस घेऊन खालची वस्ती वर आणत होता. तीन खेपा झाल्या. चौथीला गेला आणि वारा चढला. पुन्हा पाठीमागून, डोंगराकडून. मावशीने आडणा लावला तेव्हा आत दोनशे चार माणसं होती आणि तिचा मुलगा त्यात नव्हता. सून पोटावर हात ठेवून भिंतीशी बसली होती. सातवा महिना. ती काही विचारत नव्हती, आणि मावशीला तेच सोसत नव्हतं. बारा वाजता छपराचा एक कोपरा उडाला. रेडिओ केव्हाच खरखरून गप्प झाला होता.

दुपारी वारा थांबला.

तसंच ऊन, तसंच निळं आभाळ, मैदानात तसेच मुके पक्षी. माणसं उठली, आळस देऊ लागली. बाजारातला शिंपी, चार वर्षांपूर्वी गावात आलेला, दाराशी आला. "चला, उघडा मावशी. माझी तीन यंत्रं पाण्यात असतील."

"नाही."

"नाही म्हणजे? गेलं की वादळ!"

"गेलं नाही. बसलंय."

"अहो, ऊन पडलंय बाहेर!" शिंपी मागे वळला. "बघा हो, आम्हाला डांबून ठेवलंय हिने. हा काय तुरुंग आहे?"

दूधवाला पुढे आला. "मावशी, माझ्या गाई बांधलेल्या आहेत गं. दहा मिनिटांत येतो."

"अर्धा तास म्हणून गेलेले अजून यायचेत," मावशी म्हणाली. जुनी माणसं खाली बघू लागली. पण नवी माणसं जास्त होती आणि दाराकडे रेटा वाढत होता. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा चुळबुळत म्हणाल्या, "मावशी, थोडं उघडून बघायला काय हरकत आहे?" कोपऱ्यात मास्तर होते, ऐंशीचे, आजारपणात वाचा गेलेली. ते हात हलवत होते, पण त्यांच्याकडे कोण बघतंय?

मावशीने खडू उचलला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने फळ्यावर काही काढलं. रेघा वेड्यावाकड्या. गोलात गोल, आणि मधे कोरी जागा. त्या जागेत तिने खडूचा ठिपका दिला.

"ही शाळा," ती म्हणाली आणि खडू एका बाजूच्या रेघांवरून पलीकडच्या रेघांवर नेला. "इथून आलो, अजून इकडे जायचंय. मी हे नऊ वर्षं पुसलं आणि एकदा दार उघडलं. सात गेले. आता कुणाला जायचं असेल त्याने माझ्या अंगावरून जावं."

कुणी हललं नाही. मास्तर मान डोलवत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

त्या शांततेत दार वाजलं. लाकडावर लाकूड. तीनदा. थांबून, पुन्हा तीनदा.

मावशी जागच्या जागी गोठली. तिला वाटलं, ते सात जण आले. इतकी वर्षं वाऱ्यात यायचे, आज उजेडात आले. तिने डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं.

"आई," सून म्हणाली, "दार वाजतंय."

मावशीने डोळे उघडले. "तुला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? सगळ्यांना येतंय!"

ती दाराशी गेली. तोंड लाकडाला लावलं. मग विचारलं. "किती जण?"

"आई, मी आहे! बारा जण, मला धरून! लवकर!"

तिने आडणा काढला, दार हातभर आत ओढलं आणि स्वतः त्या फटीत आडवी उभी राहिली. एकेकाला दंड धरून आत घेतलं. एक, दोन, तीन. शिंपी मागून डोकावत होता. तिने कोपराने त्याला मागे लोटलं. बाराव्याला मुलगा, चिखलाने माखलेला, हातात बसच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. "बस अडकली. वाटेवरच्या दगडखाणीच्या कपारीत थांबलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "वारा थांबला तसे पळत सुटलो." सुनेने त्याचा सदरा मुठीत धरला तो सोडलाच नाही.

आडणा लागला. शिंपी काहीतरी पुटपुटत खिडकीशी गेला आणि तिथेच गप्प झाला. मैदानातले पक्षी एकदम उठले होते. समुद्राच्या टोकाला काळी भिंत उभी होती आणि ती चालत होती. दहा मिनिटांत वारा दारावर आदळला आणि पायऱ्यांपर्यंत समुद्र आला. शिंपी भिंतीला पाठ लावून खाली बसला. थोड्या वेळाने त्याने आपली चादर उचलली आणि मावशीच्या खांद्यावर टाकली.

त्या वाऱ्यात दार पुन्हा वाजलं. तीन, आणि तीन. मावशीने सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. कुणाची मान वळली नाही. हे तिचं तिलाच होतं. तिने लाकडावर तळवा टेकवला. "थांबा," हळूच म्हणाली. "पुरतं ओसरू दे."

संध्याकाळ व्हायच्या आत वारा थकला. या वेळी तो हळूहळू, रडून रडून झोपणाऱ्या मुलासारखा थांबला. मास्तरांनी बोटाने खूण केली: झालं. मावशीने आडणा काढला आणि दार सताड उघडलं. माणसं उठून पुढे झाली.

पण ती उंबऱ्यातून हलली नाही. एका बाजूला सरकून, कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी उभी राहिली. ओठ हलत होते.

"आता कुणाची वाट बघायची, मावशी?" दूधवाला म्हणाला.

मास्तरांनी हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं.

एक, दोन, तीन. सहापर्यंत ती संथ मोजत गेली. सातव्याला थांबली, आणि दोनशे माणसं मागे खोळंबली असताना बराच वेळ थांबूनच राहिली. त्याला दारात पाय झाडायला वेळ लागायचा.