दहाव्याचं पाणी

आज देवबागच्या सलूनमध्ये तुरटीचा ओला वास आला आणि बाबा गेले त्यानंतरचा दहावा दिवस आठवला.

खाडीकाठी नाभिक रघूकाका वस्तरा घेऊन बसले होते. मी मुंडण करणार नव्हतो. त्या सक्तीविरुद्ध मीच गावात पत्रकं वाटली होती. दादाला मात्र करायचं होतं. पण तो टीव्हीवरच्या मालिकेतला नायक, आणि केसांना हात लावायचा नाही असं त्याच्या करारात लिहिलेलं.

"एकाक देव नको, दुसऱ्याक टीव्ही सुटणा नाय," रघूकाका म्हणाले. माणसं हसली.

"बरा केलंस, दादा! रूढी मोडलंस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. काकांसमोर मान वाकवून बसला. "काका, नुसता पाणी तरी लावा."

काकांनी वस्तरा मिटला आणि ओंजळीनं त्याचं डोकं भिजवलं, कितीतरी वेळ. दादाचे खांदे हलत होते.

मला तेव्हा तो माझा साथीदार वाटला होता. सक्तीविरुद्ध एवढा ओरडणारा मी, शेजारी बसलेली सक्ती मला दिसली नाही.

आठवडाभरानं मालिकेत तेच केस नीट विंचरून, मुंडावळ्या बांधून, तो बोहल्यावर हसत उभा होता.