विनायकने ओढून घेतलेले दार

विनायक गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुबईजवळ जबल अलीला मुलाच्या ऑफिसात बसलो होतो. सुलभावहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या, "आप्पा, हे गेले..." पुढे काही दिवसांनी त्यांच्या अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या घरी शोकसभा झाली, आणि तिथे जे ऐकले त्यामुळे हे लिहिणे मला भाग पडले आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांनी विनायकच्या विनोदी स्वभावाचा दाखला म्हणून फ्रान्सच्या सहलीचा किस्सा सांगितला. "अंगणात रानडुक्कर आलं, आणि आमच्या विनायकरावांनी काय करावं? दार लावून घेतलं! वहिनी बाहेरच!" हशा पिकला. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मी उठलो. "दार लावलं हे खरं. पण तो दाराच्या कोणत्या बाजूला होता, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"गंमत होती हो, आप्पा. ते स्वतःच सांगायचे."

"गेलेल्या माणसाला भित्रा ठरवण्यात गंमत वाटते तुम्हांला?"

मला दंडाला धरून खाली बसवण्यात आले. इथे तसे कोणी बसवू शकणार नाही.

नव्वदचे दशक सरत आले होते. आमच्या कंपनीतल्या फ्रेंच साहेबाने उन्हाळ्यात आम्हा दोन कुटुंबांना आपल्या गावाकडच्या घराची किल्ली दिली. अबुधाबीच्या भट्टीतून सुटलेला विनायक रोज सकाळी "यल्ला, चला आप्पा! घरात बसायला विमानाची तिकिटं काढली का?" असे ओरडत सगळ्यांना मोटारीत कोंबायचा. लोकांची कल्पना असते तशी ती सूर्यफुलांची गोड सहल नव्हती. टेकडीवरच्या किल्ल्यात कैद्यांची हाडे मोडण्याचे चाक पाहिले. आठवडी बाजारात एका म्हातारीने पिंजऱ्यातून ससा काढला, मानेवर फटका हाणला आणि मुलांच्या देखत सोलला. नदीकाठची जुनी पाणचक्की पाहायला गेलो, तर गारांनी मोटारीची काच फोडली आणि शेजारचा द्राक्षमळा पाहता पाहता झोडपून टाकला. विनायकचा धाकटा खूश होता. "बाबा, धिस इज द बेस्ट हॉलिडे एव्हर!"

आई गेल्यापासून विनायकचा एक नेम होता. जेवणाआधी तूपभाताचा घास तो पाखरांसाठी बाहेर ठेवी. अबुधाबीत साळुंक्या येत. फ्रान्सच्या त्या घरी त्याने मागच्या दारासमोर, अक्रोडाच्या झाडाखाली घास ठेवायला सुरुवात केली. सकाळी तिथली माती उकरलेली दिसे. "इथल्या पाखरांना आंबेमोहोराची चटक लागली, आप्पा," तो म्हणायचा. पाखरे एवढी माती उकरत नाहीत, हे आम्हां शहरी माणसांच्या ध्यानात आले नाही.

त्या दुपारी आभाळ काळवंडले, म्हणून वहिनी दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. झाडाखाली घासाला तोंड लावून रानडुकराची मादी उभी होती, मागे पिल्ले. वहिनी नेमक्या तिच्या आणि पिल्लांच्या मधे आल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो; जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. मादीने धडक दिली, वहिनी कपड्यांसकट आडव्या झाल्या. मुले टेबलावरून उठून दाराकडे धावली. विनायकने त्यांना मागे ढकलले, भिंतीला टेकवलेले फावडे उचलले, बाहेर पाऊल टाकले आणि दार आपल्यामागे ओढून घेतले. त्या दाराला बाहेरून मूठ नव्हती. एकदा लागले की आतून-बाहेरून किल्लीवाचून उघडत नसे... आणि हे त्याला ठाऊक होते.

मी पुढच्या दाराने वळसा घालून पोहोचेपर्यंत तिने त्याची मांडी फाडली होती. तो मारत होता. मुंगीला वाट देणारा तो माणूस फावड्याचा दांडा मोडेपर्यंत मारत राहिला, आणि मोडलेल्या दांड्यानेही मारत राहिला. कवटी फुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "विन्या, खलास... मेली ती," मी ओरडलो. तेव्हा त्याला किंचाळणारी पिल्ले दिसली. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि भडाभडा ओकला. त्याची जखम मी वहिनींच्या ओल्या साडीने बांधली. पुढे तो जन्मभर लंगडला, ते सभेत सांगितले तसे पळताना पडल्यामुळे नव्हे.

मग तो स्वतःच तसा किस्सा का सांगे? मी एकदा भांडलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "खरं सांगायला लागलो की सुलभाचे हात थरथरतात. लोक हसले की तीही थोडं हसते. माझं काय जातं?" त्याचे काही गेले नसेल. त्याचे नाव मात्र गेले, आणि ते मी जाऊ देणार नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. पाने वाढली होती. त्या भाताचा घास घेऊन मागच्या कुंपणभिंतीकडे निघाल्या. फ्रान्सहून आल्यापासून घास वहिनीच ठेवीत, आणि त्या परत येईपर्यंत विनायक दार हाताने धरून उभा राहत असे. "धरू का मी?" मी विचारले. "नको, आप्पा," म्हणत त्या वाकल्या आणि उंबऱ्याशी ठेवलेली त्याची जुनी चप्पल त्यांनी दाराच्या फटीत सरकवली. घास ठेवून त्या परत येईपर्यंत दार उघडे होते.