उमाबाईंच्या धडधाकट दाढा

लातुरात दातांच्या कारागिरांत मलप्पाइतका नेटका हात दुसऱ्याचा नव्हता, आणि मलप्पाइतकं तिरसट तोंडही. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. डॉक्टरनं तोंडातलं माप घेऊन पाठवायचं, मलप्पानं त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करायचं आणि त्या मॉडेलवर नवा दात घडवायचा. चूक निघालीच तर ती डॉक्टरची, हे पंचवीस वर्षांपासून ठरलेलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात उदगीरच्या डॉक्टर हणमंतरावांकडून उमाबाईंचं काम आलं. उमाबाई अंगणवाडी चालवायच्या. त्यांची मधली एक दाढ गेलेली, शेजारच्या दोन धडधाकट. गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधारानं बसवतात तो ब्रिज. नेहमीच्या मेटलच्या ब्रिजला त्या दोन्ही चहूबाजूंनी घासून खुंट कराव्या लागतात, आणि घासलेला दात पुन्हा उगवत नाही. उमाबाईंनी साफ नकार दिला. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही दाढांत ज्वारीच्या दाण्याएवढी खाच तेवढी घेतली. तिच्यात बसणारा, नुसत्या सिरॅमिकचा ब्रिज करायचा होता. असला ब्रिज चपखल बसला तर कडक भाकरीलाही पुरून उरतो. केसभर हलला तर तडकतो.

मलप्पानं जीव ओतून तो केला. दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

“बसत नाही, मलप्पा. डुलतोय.”

“माप घ्यायला शिका आधी, डॉक्टर. माझं मॉडेल आजवर चुकलं न्हाई.”

“मग राहू दे. उद्या अकराला बाईंना बोलावलंय. नाइलाजानं हो म्हणाल्यात. दोन्ही दाढा घासून मेटलचाच करू.”

“घासा न्हाईतर उपटा,” म्हणत मलप्पानं फोन आपटला.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याची आई, पार्वतम्मा, पूजेचा तांब्या घेऊन कामाच्या खोलीत आली आणि कोपऱ्यातल्या कॅनमधून पाणी ओतून घेऊ लागली. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी होतं ते. मलप्पा प्लास्टर त्यातच कालवायचा, कारण खारट पाण्यानं प्लास्टर जमताना माप बदलतं.

“हे कवापासून करायलीस?”

“पंधरा दिस झाले. टँकरचं मचूळ पाणी लिंगाला घालू व्हय?”

“मग कॅन भरलेला कसा?”

“धंद्याच्या जागी रिकामं भांडं ठेवू न्हाई. जेवढं घेते तेवढं टँकरचं ओतते.”

मलप्पा तिच्यावर खच्चून ओरडला. मग टँकरवाल्याला शिव्या दिल्या, महापालिकेला दिल्या. शेवटी मोबाईल हातात घेतला, हणमंतरावांचा नंबर काढला. पण सकाळी आपण काय बोललो ते आठवलं आणि चूक आपली आहे हे फोनवर सांगणं जिवावर आलं. उद्या समक्षच जाऊ, काहीतरी सांगून नवं माप घ्यायला लावू, असं ठरवून त्यानं मोबाईल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी नळेगावजवळ रस्ता रोको. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून माणसं डांबरावर बसलेली. एसटी दीड तास उन्हात उभी. मलप्पानं शिव्यांतून जिल्ह्यालाही सोडलं नाही. मोबाईल खिशात होताच, तरी तो फोन काही करेना.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. उमाबाई खुर्चीत होत्या. एक दाढ घासून झाली होती. डॉक्टर दुसऱ्या दाढेकडे वळणार एवढ्यात मलप्पा दारातूनच म्हणाला, “थांबा. माप बरोबर होतं. माझंच मॉडेल चुकलं, पाण्यानं.”

मशीन थांबलं. उमाबाईंनी बधिर ओठ हातानं पुसला.

“कळलं कवा तुमाला?”

“काल सांजच्याला.”

उमाबाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशातल्या मोबाईलकडे पाहिलं. “एवढा फोन असून एक दाढ खाल्ली माझी,” त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. “हिला खुंट केलंच हाय, आता खाचेचा ब्रिज कशात बसणार? घासा दुसरी पण.”

मेटलचा तो ब्रिज मलप्पानंच केला. नवा कॅन आणून, पाणी स्वतः ओतून. पहिल्याच खेपेला चपखल बसला म्हणून हणमंतरावांनी कौतुकाचा फोन केला. मलप्पाला त्या कौतुकाची इतकी चीड आली की त्यानं फोन मध्येच ठेवून दिला.