नखं वाळेपर्यंत

अर्जदाराचे नाव : श्री. दादासो मल्हार मारकड. वय : अंदाजे बेचाळीस. राहणार : इंदापूर-बारामती रस्त्यालगत, मारकड वस्ती. शिक्षण : सातवी (अनुत्तीर्ण). सध्याचा व्यवसाय : फिरते विक्रेते, कटलरी व तत्सम. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जुना व्रण. व्यसन : तंबाखू, माफक. सदर इसम निरोगी, निर्व्यसनी, स्थिर स्वभावाचे व एके जागी बसून दीर्घकाळ काम करण्यास सर्वस्वी पात्र असून त्यांना आपल्या कारखान्यात पहारेकरी (मुख्य फाटक) या पदावर सामावून घेण्याची कृपा व्हावी.

हा मजकूर दत्तोबाचा. दत्तोबा इंदापूरला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसतो. एकोणीसशे शहाण्णवच्या मार्च महिन्यात त्याची आणि अर्जदाराची गाठ एकूण सात मिनिटं पडली. तेवढ्यात अर्जदार तीनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आले. ‘स्थिर स्वभावाचे’ हे शब्द दत्तोबानं समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून टाइप केले.

दादासोला बसवत नसे. जेवताना दोन घासांनंतर तो भाकरी हातात घेऊन दाराशी जाई आणि रस्त्यावर काही नाही याची खात्री करून परत येई. न्हाव्याकडे एक गाल झाल्यावर तो एकदा ट्रक बघायला उठला आणि दुसरा गाल तिसऱ्या दिवशी झाला. एसटीत जागा असली तरी दाराजवळ उभा. लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडवाबाहेर. वस्तीवरची जाणती माणसं म्हणत, बाप-आजा मेंढरांमागं फिरला, रगातच तसलं. दादासोच्या बायकोला, सारजाला, हा खुलासा मान्य नव्हता. 

“माजा बाप बी मेंढरांमागंच हुता,” ती म्हणे. “पर मेंढरं बसली की बाप बसायचा. ह्येंचं रगात न्हाय, बूड हलकं हाय.”

मेंढरं दादासोच्या वडिलांनी केव्हाच विकली होती. कालव्याखालची दीड एकर जमीन भाऊ बघे. दादासोनं सायकलच्या कॅरेजला पत्र्याची पेटी बांधली आणि कटलरी विकायला सुरुवात केली. कटलरी म्हणजे काटेचमचे नव्हेत. टिकल्या, पिना, रिबिनी, कानातली, खोटे गजरे आणि नेलपॉलिश. आज हा बाजार, उद्या तो. गुरुवारी बारामती तेवढं नक्की, बाकीचे दिवस सायकल नेईल तिकडं.

नेलपॉलिशमध्ये मात्र त्याचं नाव होतं. इतर विक्रेते कंपनीनं दिलेलं चित्र पेटीच्या झाकणाला चिकटवीत. चित्रात एका गोऱ्या बाईचा हात असे, ज्या हातानं आयुष्यात शेण काढलेलं नव्हतं. दादासो स्वतःची नखं रंगवी. नवा माल आला की रात्री सगळी निजल्यावर प्रत्येक बोटाला एक रंग, दोन-दोन हात मारून. बाजारात बायका बाटलीकडे बघतच नसत, त्याचं मनगट धरीत. पणदऱ्याची भामाबाई तर आधी आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवी. दोन्ही हात सारखेच काळे, सारखेच रापलेले, दोघांचीही नखं कडेनं फुटलेली.

“ह्यो कंचा?”

“एकोणीस नंबर, मावशी.”

“नंबर नगं सांगू, रंग सांग.”

“वांगी.”

“वांगी न्हाय वाटत. जरा उनात धर. आन् हलू नगंस, मेल्या, नाचतुयास कशाला!”

मग ती म्हणे की चित्रातल्या बाईच्या हातावर काय बी शोभतं, ह्या हातावर शोभलं तर ते खरं. आणि सुनेसाठी म्हणून एक बाटली घेई. सुनेला नखं रंगवायची आवड नव्हती, हे पणदऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

पुरुषमाणसाची दहा नखं दहा रंगांची, यावर लोक बोलले नाहीत असं नाही. चहाच्या टपरीवर त्याला “काय वैनी” म्हणत. तो म्हणे, “व्हय, बोला भावजी, कंचा दिऊ?” पुढं पुढं बोलणारेच कंटाळले.

सारजाची तक्रार नखांबद्दल नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी योगिनी शेवग्याच्या झाडावरून पडली आणि तिचा हात मोडला. सारजा तिला घेऊन इंदापूरच्या दवाखान्यात बसली. डॉक्टरांनी विचारलं, मुलीचे वडील कुठं आहेत? सारजा म्हणाली, बाजारात. डॉक्टर म्हणाले, कुठल्या? तीन बाजारांत माणसं पाठवली, दादासो चौथ्यात होता. योगिनीचा हात सहा आठवड्यांत जुळला. सारजा तो प्रश्न विसरली नाही. आपला नवरा या घटकेला अमुक ठिकाणी आहे असं बोट दाखवून सांगता यावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

म्हणून लोणी देवकरच्या एका कारखान्यात हेल्पर असलेल्या तिच्या भावानं, सिद्धूनं, फाटकावरच्या जागेची बातमी आणली, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी दादासोला दत्तोबाकडे घेऊन गेली. दादासोनं नाही म्हटलं नाही. त्यालाही तो दवाखाना आठवत होता. पण सिद्धूनं पुढं जे सांगितलं त्यानं दोघांचंही तोंड उतरलं.

“साहेबाची अट हाय, दाजी. मागले तिघं च्या प्यायला गेलं ते हाटेलातच घावलं. म्हणून आता परीक्षा हाय. सकाळी आठ ते बारा फाटकावर बसायचं. साहेब खिडकीतनं बघतोय. उठला त्यो गेला.”

“चार तास?” दादासो उभं राहून म्हणाला.

“बसा आदी,” सारजा म्हणाली.

परीक्षेला आठ दिवस होते. पहिले दोन दिवस सारजानं त्याला ओट्यावर बसवून पाहिलं. पाचव्या मिनिटाला तो सायकलची हवा तपासायला गेला. दुसऱ्या खेपेला शेजारची म्हैस सुटल्यासारखी वाटली म्हणून गेला. म्हैस बांधलेली होती.

तिसऱ्या दिवशी बारामतीच्या घाऊक दुकानदाराकडून नवा माल आला. बारा रंग. दादासोनं दुपारी ओट्यावर बैठक मारली, दहा बोटांना दहा रंग लावले, उरलेले दोन पायाच्या अंगठ्यांना लावले, आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर पसरून बसला. सारजा चहा घेऊन आली. त्यानं मानेनंच नकार दिला. नख घासलं तर नमुना बिघडतो आणि बिघडलेल्या नमुन्यावर बाटली खपत नाही. तिनं बशी त्याच्या ओठांना लावली. मग कपडे धुतले, वाळत घातले, निवडणं केलं. बाहेर येऊन बघते तर माणूस तिथंच. रस्त्यानं दोन ट्रक आणि वरात गेली, पण माणूस तिथंच.

“किती येळ झाला वो?”

“वाळलं न्हाय अजून. सवंग माल हाय, येळ लागतुय.”

सारजानं त्या बारा बाटल्यांकडे असं पाहिलं, जसं तिनं लग्नात मंगळसूत्राकडेही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ब्रश तिच्या हातात गेला. सकाळी पुसायचं, लावायचं, बसवायचं. आधी दोन हात, मग तिसरा, मग वाळतंय असं वाटलं की चौथा. मोरपंखी लवकर वाळे, म्हणून तो बाद झाला. चमकीवाला रुपेरी वर वाळे आणि आतून ओला राही. तो दीड तास गेला, पण पुसताना रिमूव्हरची अर्धी बाटली संपली. गाजरी सगळ्यांत चिवट निघाला. सातव्या दिवशी दादासो गाजरी नखांनिशी पावणेतीन तास बसला. पाठ दुखली, पायाला मुंग्या आल्या, माशी नाकावर तीनदा बसून गेली. योगिनी शाळेतून आली ती बघतच राहिली.

“आई, आबांना काय झालंय?”

“नोकरी लागायलीय,” सारजा म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी मात्र तिनंच सगळे रंग पुसून काढले. साहेबापुढं रंगीत नखं कशी चालतील? सवय लागली असंल आता, असा तिचा हिशोब. दोघं पहिल्या एसटीनं निघाली. ती बसली, तो दाराजवळ उभा राहिला. भावाला भाकरी द्यायची म्हणून तीही आली होती. भाकरी खरीच होती. त्याच पिशवीत तळाला गाजरी बाटली होती.

आठ वाजता दादासो फाटकाजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसला. सारजा रस्त्यापलीकडे बाभळीखाली. आठ वाजून सहा मिनिटांनी त्यानं उठून फाटकाची कडी नीट लागली आहे का ते बघितलं. नऊ मिनिटांनी पुन्हा बघितलं. मग पाण्याच्या टाकीकडे दोन पावलं गेला. वरच्या खिडकीचा पडदा हलू लागला, तसा तो घाईनं परत येऊन बसला. त्याचे कोरडे, मोकळे हात कधी खिशात जात, कधी टोपीला लागत, आणि हातांमागून सगळा माणूस उठे.

सारजानं रस्ता ओलांडला. हातात तांब्या होता.

“पानी प्या,” ती मोठ्यांदा म्हणाली, आणि खुर्चीच्या आडोशाला बसून हलक्या आवाजात, “हात आना हिकडं.”

“सारजे, साहेब बघतोय.”

“मानूस बसलाय का तेवडंच बघतोय त्यो. आना म्हनलं ना!”

तिनं दहा नखांना दोन-दोन हात मारले आणि तांब्या घेऊन परत गेली. दादासोनं पंजे गुडघ्यांवर पसरले. त्यानंतर तो पुतळ्यासारखा बसला. कामगारांची पाळी आत गेली, कुत्रं येऊन बूट हुंगून गेलं. दहा वाजता सारजा पुन्हा पाणी घेऊन आली, साडेअकराला पुन्हा. खिडकीतल्या साहेबाला एवढंच दिसलं असावं की उमेदवार बसून आहे आणि त्याची बायको त्याला फार जपते. सिद्धू सांगे, साहेब आत म्हणाले होते, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

बाराला वीस मिनिटं कमी असताना सोलापूरकडून एक ट्रक आला आणि फाटकासमोर थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दादासो हलला नाही. ड्रायव्हरनं पुन्हा दिला.

“ओ मामा! फाटक!”

“जरा थांबा,” दादासो म्हणाला. “वलं हाय.”

ड्रायव्हर खाली उतरला. फाटकाजवळ आला, एक बोट लोखंडावर टेकवलं, बोट उलटून बघितलं.

“वाळलंय की!”

“फाटक न्हाय. मी.”

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला. मागं दुसरा ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यानंही हॉर्न सुरू केला. उठायचं तर परीक्षा, कडी धरायची तर दहाच्या दहा नखं. खरं म्हणजे नखं बिघडली असती तर त्या दिवशी काही बिघडणार नव्हतं, बाजार नव्हता, भामाबाई नव्हती. पण बारा वर्षांची सवय होती. ओल्या नखानं तो कशाला हात लावीत नसे.

“दोन मिनटं,” तो म्हणाला. “दोनच.”

बाभळीखालून सारजा आली. तिनं पदर खोचला, कडी वर उचलली, एक दार ढकललं, मग दुसरं. दोन्ही ट्रक आत गेले. तिनं फाटक लावलं, कडी घातली, आणि नवऱ्याकडे न बघता पुन्हा झाडाखाली जाऊन बसली.

साहेब खाली आले तेव्हा बारा वाजले होते. दादासो खुर्चीवरच होता. त्यांनी त्याच्या हातांकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“गाजरी, साहेब. तेवीस नंबर. सावलीत जरा तांबडा वाटतुय, पर उनात लई खुलतोय.”

साहेबांनी उन्हाकडे बघितलं, मग पुन्हा नखांकडे, आणि ते आत गेले.

परतीच्या एसटीत जागा होत्या. सारजा बसली. दादासो दाराजवळ उभा राहिला. इंदापूरच्या स्टँडवर उतरताना ती म्हणाली, “उद्या कुठं?”

“गुरवार हाय की. बारामती.”

“आन् परवा?”

“बघू,” तो म्हणाला. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या पुढं चालायला लागली.

पंधरा दिवसांनी सिद्धूच्या हाती पत्र आलं. दत्तोबानंच ते वाचून दाखवलं, त्या भाषेची त्याला सवय होती. ‘उमेदवार श्री. मारकड यांची प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. उमेदवार नेमून दिलेल्या जागी पूर्ण वेळ हजर आढळले. चाचणीदरम्यान आलेली दोन्ही वाहने उमेदवाराच्या उपस्थितीत आत घेण्यात आली. तूर्त सदर पद भरावयाचे नाही.’

फाटक सारजानं उघडलं होतं, ते पत्रात कुठंच नव्हतं.