वाऱ्याची बाही

ताईबाईच्या हातची शिवण उसवलेली आमच्या भागात कुणी पाहिली नाही. पोत्याची पिशवी असो की नवरीचं पोलकं, ती दोनदा शिलाई मारायची. गावात सगळे तिला चिडवायचे, की तुझं कापड माणसाआधी मरत नाही. ती हसून मशीन चालवत राहायची. आज मला तिच्या त्या मजबुतीचा राग येतो, आणि माझा त्याहून जास्त.

मी गिरधर, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत कारकून. आमची धावपट्टी अमळनेरच्या पुढे, ताईबाईच्या घरामागेच. पट्टीच्या कडेला खांबावर दोन्ही तोंडं उघडी असलेली भगवी कापडी पिशवी असते, विंडसॉक. वारा कुठून आणि किती येतोय ते तिच्याकडे बघून कळतं, आणि विमान वाऱ्याला सामोरं उतरवतात. ताईबाई तिला बाही म्हणायची, कारण आकार तसाच.

चैत्राच्या वाऱ्यात बाहीच्या दोन महिन्यांत चिंध्या व्हायच्या. म्हणून नवी शिवायचं काम मी ताईबाईला दिलं. नियमाचा कागद इंग्रजीत होता. लांबी, तोंडाची रुंदी, रंग मी वाचून सांगितलं. चौथी ओळ कापडाच्या वजनाची होती. कुठल्याही देशातली बाही सारख्याच वाऱ्याला भरली पाहिजे, म्हणजे कुठलाही वैमानिक तिचा एकच अर्थ लावेल. मला वाटलं, खेड्यातल्या पट्टीला कसलं आलंय जगाचं माप. मी ती ओळ तिला वाचून दाखवलीच नाही.

ताईबाईनं मंडपाचं जाड कापड घेतलं, शिवाय आतून अस्तर लावलं. "भाऊ, दोन वरीस फाटाव नही," ती म्हणाली. मी तिला शाबासकी दिली.

जळगावची सारिका आमच्याकडे शिकायला होती आणि ताईबाईच्या वरच्या खोलीत राहायची. ताईबाईला लेक नव्हती. या पोरीच्या डब्यात रोज कळण्याची भाकर तीच बांधून द्यायची. त्या गुरुवारी सारिका पहिल्यांदा एकटी उडणार होती. ताईबाईनं सकाळी तिच्या हातावर दही ठेवलं.

वारा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. सारिकाचे शिक्षक प्रेमराज सर वरच्या काचबंद खोलीत रेडिओपाशी बसले होते. विमान वर गेल्यावर वारा सुटला, पण बाही खांबाला चिकटून लोंबत होती. वारा पडलाय असं समजून सरांनी नेहमीच्याच बाजूनं उतरायला सांगितलं.

तेवढ्यात ताईबाई धापा टाकत ऑफिसात आली.

"गिरधरभाऊ, दोरीवर मनं लुगडं उडी ऱ्हायनं, मंग ती बाही काबरं लटकेल शे?"

मला लगेच चौथी ओळ आठवली; ते जड कापड वाऱ्यानं भरतच नव्हतं. मी जिना चढून सरांपर्यंत पोचलो तेव्हा चाकं पट्टीला लागली होती. पाठीमागचा वारा विमानाला पुढे ढकलत होता. पट्टी संपली, आणि विमान कपाशीच्या शेताकडेच्या चारीत नाकावर गेलं.

सारिका वाचली. धुळ्याच्या दवाखान्यात आहे, पाठीच्या कण्याला मार आहे. पायांबद्दल विचारलं की डॉक्टर दुसरंच काही बोलतात. चौकशीला आलेल्या माणसांनी बाही उतरवून उलटीसुलटी करून पाहिली. तिची एकही शिवण सुटलेली नव्हती.

काल दवाखान्याच्या ओट्यावर ताईबाई माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ ती पदराचा काठ बोटांनी चाचपत होती.

"भाऊ, त्या कागदवर कापडनं काही लिखेल व्हतं का?"

तो कागद माझ्या खिशात होता. उद्या मला तो चौकशीत दाखवायचा आहे.

"नव्हतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मंग मीच मारी टाकं पोरले," ती म्हणाली, आणि सारिकाला पाणी पाजायला आत गेली.