गाडीच्या दारातली अंबाडी

घरी जाऊन शर्ट झटकला की दोन गोष्टी पडतात: अंबाडीचे तंतू आणि दिवसभरातला एखादा किस्सा. बायको म्हणते, तंतू बाहेरच झटक, किस्सा तेवढा आत आण!

आमची लॅब यशवंतपूरला. अंबाडीचे तंतू प्लास्टिकमध्ये घालून, गरम प्रेसखाली दाबून आम्ही गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल बनवतो. प्रमुख सुषमाक्का, मूळच्या निपाणीच्या. गिऱ्हाईक कंपनीने बजावलं होतं, वजन आपटून बघणार. टोकदार तुकडे उडाले तर प्रोजेक्ट बंद. म्हणजे अक्कांची या कामातली सगळी वर्षं पाण्यात!

*

पुण्याचा निखिल नवा आला. अक्कांनी त्याच्या हातात अंबाडीची पेंढी दिली.

"मॅडम, हे गाडीत? मामाकडे याचं गाईला दावं करतात!"

"तुटतं का रे गाईकडून?"

"छे!"

"मग झालं की."

*

अंबाडी ओव्हनमध्ये कडक वाळवून लगेच प्रेसमध्ये घालायची. निखिलने वाळवली, खिडकीशी ठेवली आणि चहाला गेला. बाहेर भुरभुर चालू. नंतर प्रेस उघडतो तर काय, आतल्या वाफेने पॅनेल पुरीसारखं टम्म!

"वा! आता श्रीखंड आण," अक्का म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो, पण मला आजही नवल वाटतं. कापली, सडवली, सोलली, भाजली, तरी हवेतलं पाणी पितेच! हिला मेलेली म्हणायचं तरी कसं?

*

टेस्टसाठी पॅनेल के. आर. पुरमच्या टेस्ट सेंटरला न्यायचं होतं. रिक्षावाले अण्णा मदतीला धावले. चांगला जोर लावून उचलायला गेले आणि पॅनेल थेट रिक्षाच्या छताला!

"अय्यो! सार, आत काही घातलंच नाही का?"

"अंबाडी आहे, अण्णा. तुमच्या कन्नडातली पुंडी."

"पुंडी? भाजी करतात ती?" त्यांनी पॅनेलचा वासच घेतला. "मग माझ्या रिक्षालाही स्वल्प लावा की!"

*

आणि ती टेस्ट. वजन आपटल्यावर पॅनेलला हात लावायचा तो जाड हातमोजे घालूनच, असा नियम. कंपनीचे साहेब, भारी कडक माणूस, हातमोजे चढवून तयार. अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या.

धाडकन आवाज झाला. पॅनेलला ही मोठी चीर! पण तुकडा एकही उडाला नाही. तंतूंनी दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवल्या होत्या.

साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हातमोजे काढले आणि उघडा तळवा चिरेवरून फिरवला. खाली, वर, परत खाली.

"पास," ते म्हणाले.

अक्का वळल्या. साहेबांचा हात अजून पॅनेलवरच होता. ते म्हणाले,

"आमची लेक गाडीत दाराला डोकं टेकूनच झोपते."