मामंजींचा खड्डा

मामंजी, म्हणजे माझे सासरे, लातूरला आमच्याकडे राहायला आले तेव्हा वळकटीबरोबर फावडं आणि टोपलं घेऊन आले. शहरात याचं काय करणार, म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं. माझं तोंड तसंही फार लवकर वाकडं व्हायचं.

त्यांच्या गावात दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस विहिरीत उतरून गाळ काढायचा. ज्या घरातून कुणी आलं नाही, त्या घरी संध्याकाळी सगळं गाव चहाला जायचं. शंभर कप चहा करता करता घरधन्याला अशी लाज वाटायची, की पुढच्या वर्षी तोच पहिला उतरायचा. मग भूकंप झाला. सासूबाई गेल्या, गाव गेलं, विहीर तेवढी राहिली.

एका संस्थेनं नवं गाव बांधून दिलं. घरं दिली, नळ दिले, पाणी समिती नेमली, पाटी लावली. नव्याचे नऊ दिवस. संस्थेची माणसं परत गेली आणि पुढे नळांना पाणी चढवणारी मोटार जळाली. मामंजी म्हणाले, चला, जुन्या विहिरीचा गाळ काढू. लोक म्हणाले, संस्थेला कळवलंय. दोन उन्हाळे ते एकटेच उतरले. कुणाच्या घरी चहाला जायचं तर एकट्यानं कसं जाणार? तिसऱ्या वर्षी माझे यजमान त्यांना इकडे घेऊन आले.

इथे त्यांनी आमच्या बोअरजवळ खड्डा खणला. दगड, खडी, वाळूचे थर भरले आणि गच्चीवरचं पाणी पाइपानं त्यात सोडलं. दरवर्षी पावसाआधी, रोहिणी लागायच्या आत ते सगळं उपसून, वाळू धुऊन परत भरायचे. गल्लीतले हापसे कोरडे पडले तरी आमच्या बोअरला पाणी असायचं, आणि शेजारणी घागरी घेऊन यायच्या. मी मात्र अंगणात चिखल झाला म्हणून कुरकुरायची.

मग शिकवण्यांचं पेव फुटलं. नांदेड, देगलूर, कुठून कुठून मुली डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिल्या. गल्लीत ज्याच्या त्याच्या घरावर खोल्या चढल्या. मी शाळेत पर्यावरण शिकवणारी बाई, मी तरी मागे का राहू? खोल्यांच्या परवान्याला पाणी मुरवल्याचा फोटो लागायचा. मामंजींना म्हटलं, उभे राहा. ते उपसलेल्या, कमरेइतक्या खड्ड्यात टोपलं घेऊन असे हसले, की त्यांचं तसं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, फोटो बघून लोक खड्डे खणतील. गल्लीभर सांगत फिरले.

परवाना आला. मुलींच्या स्कूटी लावायला जागा हवी होती. मामंजी आठ दिवस गावाकडे गेले, तेवढ्यात मी खड्डा बुजवून वर फरशी घातली. ते असताना माझी हिंमत झाली नसती, हे आज कबूल करते.

परत आल्यावर ते त्या फरशीवर बराच वेळ उभे राहिले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात घेतला, प्यायला नाही.

"संस्था गेली तवा म्हनलो, परकी मानसं हायत," ते म्हणाले. "तू तर घरची हायस."

तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटलं. शेजारणी घागरी घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. पुढच्या वर्षी मामंजी गेले. त्यांचा एकट्याचा असा एकच फोटो घरात होता. तोच मोठा करून जिन्यापाशी लावला, हार घातला.

परवा टँकरची वाट बघत एक मुलगी तिथे बादली घेऊन उभी होती. फोटो निरखून म्हणाली, "काकू, आजोबा कशात उभे आहेत?"

मी सांगितलं, पाणी मुरवायच्या खड्ड्यात.

"कुठे आहे तो?"

तिची स्कूटी त्याच्यावरच उभी होती. मी म्हटलं, "गावाकडे."